गच्चीवरून आलेली हाक

आमच्या सोसायटीत पाणी तीन प्रकारचं येतं: नळाचं, बोअरचं आणि टँकरचं. नळाचं पाणी मोठ्या गवयासारखं, उशिरा येतं आणि थोडाच वेळ बसतं. बोअरचं पाणी रुसलेल्या आत्यासारखं, दर उन्हाळ्यात आणखी खाली जाऊन बसतं. आणि टँकर म्हणजे जावई. वेळेवर येत नाही, पण आला की गेटपासून हॉर्न वाजवत येतो आणि सगळी आळी त्याच्या स्वागताला धावते.

हा विनोद माझा. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, कुणाच्या बारशात, मी तो इतक्या वेळा सांगितलाय की पोरं माझ्या आधी शेवट बोलून टाकतात. आज जे लिहायला बसलोय ते सांगताना मान खाली जाते, तरी हा गडी पहिल्याच परिच्छेदात शिरला. माझं असंच आहे. समोर चार माणसं दिसली की माझ्या तोंडाला नळ फुटतो आणि त्या नळाला मात्र कधी पाणीकपात नसते.

हैदराबादच्या पश्चिमेला, जिथे आधी खडक फुटतो, मग इमारत उभी राहते आणि रस्ता सर्वांत शेवटी येतो, तिथे आम्ही राहतो. चिक्कडपल्लीची भाड्याची जागा सोडून आलो तेव्हा इथे दोन ब्लॉक होते. आता तिसरा भरलाय आणि चौथ्यावर हिरवी जाळी चढली आहे. माणसं वाढली, बोअर मात्र तेवढेच राहिले, आणि त्यातलेही दोन आटले. एप्रिल लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात बंद होऊन ‘आज टँकर किती वाजता?’ सुरू होतं.

मी मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी इथे आलेला. बायको मात्र इथलीच, जामबागेतली. तिच्या घराण्याला हैदराबादेत किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. ती भाजीवाल्याशी तेलुगूत, रिक्षावाल्याशी दखनी उर्दूत आणि माझ्याशी मराठीत भांडते. मी दखनीवर भागवत आलो. ‘हौ’ आणि ‘नक्को’ या दोन शब्दांवर या शहरात माणूस आरामात म्हातारा होतो. तेलुगूची कधी गरजच पडली नाही, असं मी ऐटीत सांगत असे.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी एका बँकेत अधिकारी आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या महबूबनगरच्या कोरड्या मुलखातल्या. लहानपणी पाण्याच्या पाळीला उभं राहून त्यांच्या अंगात एक सवय मुरली आहे: कुठेही नळ ठिबकताना दिसला की बोलता बोलता उठतात, बंद करतात आणि पुन्हा बोलायला लागतात. चौथा ब्लॉक भरायच्या आत सगळ्या गच्च्यांचं पावसाचं पाणी गोळा करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पाइपातून पाणी खाली आणायचं, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळायचं, मुलांच्या मैदानाखालच्या टाकीत साठवायचं, आणि जास्तीचं आटलेल्या दोन बोअरमध्ये मुरवायचं. दोन वर्षं त्या संध्याकाळी नोकरीवरून येऊन लोकांच्या दारोदार फिरल्या. शेवटी फक्त ए ब्लॉकच्या गच्चीवर प्रयोग करायची परवानगी मिळाली. बाकीच्या गच्च्यांचं काय ते सर्वसाधारण सभेत मतदानानं ठरायचं होतं.

विरोधात होते बी ब्लॉकचे बडे साब. सरकारी नोकरीतून निवृत्त, पायजमा कडक इस्त्रीचा, आवाज त्याहून कडक. त्यांना नवा बोअर हवा होता, आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल.

“अरे मियाँ, ऊपरवाले ने पानी नीचे रखा है,” ते म्हणायचे. “खोदो, निकालो. छत का पानी जमा करना, ये क्या बातां हैं?”

अक्कांनी कमिटीत सरळ सांगून टाकलं होतं की सभेनं गच्च्या नाकारल्या तर मी सेक्रेटरी राहणार नाही. “जो मेरे को ठीक नहीं लगता, वो मैं नहीं खोदती.”

सप्टेंबरात सलग पाऊस लागला आणि प्रयोगाची टाकी भरली. अक्कांनी मला बोलावून घेतलं. मैदानातलं लोखंडी झाकण उचलून त्यांनी आत टॉर्च मारला. काठोकाठ पाणी, इतकं नितळ की तळाची फरशी दिसत होती. “देखो अन्ना,” त्या म्हणाल्या. “ये पूरा अपना पानी है. किसी टँकरवाले ने नहीं लाया.” त्या मला नेहमी अन्ना म्हणत, थोरला भाऊ. मी त्यांच्याहून वर्षभरानं लहानच असेन, पण मला ते आवडायचं.

मग झाकण ठेवून म्हणाल्या, “मैं बोली तो लोगों को बँक की मीटिंग लगती. आप बोले तो आते. सभा में लोगों को लाओ, बस. बाकी मैं समझाती.”

त्यांनी माझ्याकडून एवढंच मागितलं होतं, लोकांना आणा. पण मला फक्त पडदा वर करायला सांगितलं तरी मी नाटक बसवतो.

ठरलं असं: सभेच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पावसाच्या टाकीतलं पाणी मोटर लावून क्लब हाउसच्या गच्चीवरच्या छोट्या टाकीत चढवायचं. म्हणजे लोकांना कळेल की हे स्वप्न नाही, नळाला येणारं पाणी आहे. मोटरचं बटण क्लब हाउसच्या जिन्याखाली, तिथे माइक घेऊन मी. वर टाकीपाशी अक्का. टाकी भरली की त्या सांगणार, मी बंद करणार.

“फ्लोट स्विच लगा लेते,” अक्का म्हणाल्या. “टाकी भरी तो मोटर अपने आप बंद.”

“नक्को अक्का. उसमें क्या मजा?”

“फिर मैं फोन करती.”

“फोन? किले की बुरुज से कोई फोन करता क्या? ऊपर से आवाज दो. जोर से. लोगों को याद रहना!”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि हसल्या. “आपकी मर्जी.”

लोकांना ते खरंच आठवणीत राहिलं.

रविवारी सकाळी क्लब हाउससमोर मांडव घातला होता. पांढरं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला टेबलावर इडली, वडा, उपमा आणि चटणीचं पातेलं. सभेला कधी न फिरकणारी मंडळीही आली होती. ते माझं कर्तृत्व. मी आठवडाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘रविवारी चमत्कार आहे’ असं सांगत फिरलो होतो. बायको पहिल्या रांगेत, माझ्याकडे संशयानं बघत.

मी सुरुवात झकास केली. आकाशाकडे बोट दाखवलं, मैदानाखाली दाखवलं, गवयाचा, आत्याचा, जावयाचा विनोद हिंदीत सांगितला, टाळी घेतली, आणि जादूगारासारखा हात फिरवून हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पाइप थरथरला. मी पाण्याच्या प्रवासाचं धावतं वर्णन सुरू केलं: आता पहिला मजला, आता वळण, आता गच्ची.

थोड्या वेळानं वरून हाक आली. “चालू!”

मी पाऊलभर बाहेर येऊन वर पाहिलं. अक्का कठड्यावरून वाकल्या होत्या, एक हात वर. मला वाटलं, मोटर नीट चालली आहे ना, ते विचारतायत. किंवा पाणी पोचल्याचं सांगतायत. मी छातीवर हात ठेवून झुकलो आणि माइकमध्ये म्हणालो, “चालू आहे!”

“चालू! चालू!” वरून.

“हो अक्का! चालू आहे, चालू आहे!”

मराठी मंडळी हसली. तेवढ्यात मागच्या रांगांतली माणसं उभी राहिली आणि ओरडायला लागली, “चालू! चालू! चालू!” मी रंगमंचावर बरीच वर्षं घालवली आहेत, पण प्रेक्षक उठून माझं वाक्य म्हणतायत असं भाग्य मला कधी लाभलं नव्हतं. मी धन्य झालो. डावीकडे हात केला, “आवाज येऊ द्या!” डावीकडून “चालू!” उजवीकडे हात केला, उजवीकडून त्याहून मोठ्यानं “चालू!” मी टाळ्यांचा ठेका धरला. वर अक्का दोन्ही हात हलवत होत्या. मला वाटलं, बाईंच्यातही कलाकार आहे, इतके दिवस कळलंच नाही.

बायको उठून काहीतरी ओरडत होती. मी तिलाही ठेक्यात सामील व्हायची खूण केली.

जिन्याखालून मला मांडवाची पलीकडची बाजू दिसत नव्हती. तिथे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. गच्चीवरची टाकी केव्हाच भरून वाहायला लागली होती आणि ते पाणी पन्हळीतून मांडवाच्या कापडावर उतरत होतं. कापडाला आधी पोट आलं. मग पोट सुटलं. मग ते लोंबकळायला लागलं, बरोबर नाश्त्याच्या टेबलावर.

आमच्या ब्लॉकमध्ये नांदेडचा एक तरुण राहतो, रेल्वेत नोकरीला. त्याच्या घरी मराठी आणि नात्यागोत्यात तेलुगू, दोन्ही चालतं. तो खुर्च्यांवरून उड्या टाकत माझ्याकडे आला.

“अहो दादा, पुरे म्हणायल्यात त्या! पुरे! बंद करा की!”

“काय?”

“चालू म्हंजे पुरे! तेलुगूत!” त्यानं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि लाल बटण दाबलं.

त्याच क्षणी कापड फाटलं.

इडल्या पोहत क्लब हाउसच्या पायरीपर्यंत आल्या. पाणी खुर्च्यांखालून, चपलांवरून, उतारावरून गेटकडे निघालं आणि गेटखालून बाहेर रस्त्यावर. पाणी वाचवायला जमलेली सगळी सोसायटी पाय वर उचलून ते जाताना बघत होती. मग बडे साबांनी कडक पायजमा दोन बोटांनी उचलत म्हटलं, “देखो भई, बारिश का पानी वापस रोड पे चले गया.”

हशा झाला. अक्का गच्चीच्या लोखंडी शिडीवरून उतरून आल्या. ओढणी भिजून अंगाला चिकटलेली, श्वास लागलेला. इथे कुठल्याही शहाण्या माणसानं माइक त्यांच्या हातात दिला असता.

माझ्या मनात माफी मागायचं होतं, हे खरं आहे. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, “भाइयो और बहनो, जिसको आप लोग ‘बस’ बोलते, उसको हम लोग ‘शुरू’ बोलते!” आणि तो हशा आला. काय हशा होता! मांडवाचा उरलेला भाग पडेल असा. तो हशा आला आणि मी गेलो. माफी कुठल्या कुठे राहिली. मी अख्खा प्रसंग पुन्हा करून दाखवला. वरच्या अक्का मी, खालचा मी मीच, मागची रांग मी, कापडाचं पोटही मीच. लोक डोळे पुसत होते. बडे साबांनी माझी पाठ थोपटली. अक्का बाजूला उभ्या राहून ओढणीचं टोक पिळत होत्या.

माइक त्यांच्याकडे गेला तेव्हा निम्मे लोक कपडे बदलायला निघाले होते. उरलेल्यांच्या तोंडावरचं हसू अजून ओसरलं नव्हतं. त्या टाकी, गच्च्या, चौथा ब्लॉक, पुढचे उन्हाळे, सगळं एकसुरी आवाजात सांगत होत्या आणि मधूनच कुणाला तरी हुंदका फुटल्यासारखं हसू फुटत होतं. मग बडे साब म्हणाले, मतदान घेऊन टाका, ओलं बसवत नाही. हात वर झाले. गच्च्या हरल्या, बोअर जिंकला. बोअरच्या बाजूनं हात वर करताना एक गृहस्थ शेजाऱ्याला माझी नक्कल करून दाखवत होते.

घरी आल्यावर बायको तडक आत गेली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. “अहो उस्ताद, इतकी वर्षं झाली या शहरात.”

“मला कसं कळणार? कुणी कधी सांगितलंच नाही.”

“नाही सांगितलं? चिक्कडपल्लीला शेजारचे तेलुगू गारू जेवायला यायचे, ते तुम्ही पुरणपोळी वाढताना काय म्हणायचे?”

मी आठवायला लागलो आणि बसूनच घेतलं. ते वयस्कर शेजारी, मधुमेहवाले. पानावर आडवा हात धरून कळवळून म्हणायचे, “चालू, चालू!” आपल्याकडे पाहुण्यानं नको म्हणायचं आणि यजमानानं वाढायचं, हीच रीत. आडवा हात म्हणजे तर आग्रहाचं आमंत्रण. त्यात ते स्वतःच ‘चालू’ म्हणतायत! मी त्यांच्या बोटांच्या फटीतून पोळी सारत असे. वर तुपाची धार.

“तू का नाही सांगितलंस?”

“मला वाटायचं, तुम्हाला कळायलंय. कळून आग्रह करायलेत.”

त्या बिचाऱ्यांनी दर वर्षी येणं का कमी केलं, हा प्रश्न मी आजवर त्यांच्या तब्येतीवर ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. मी माफीचं भाषण तयार केलं होतं. त्याच्या मध्यावर एक छोटासा विनोद ठेवला होता, वातावरण सैल व्हावं म्हणून. अक्कांनी आम्हाला बसवलं, स्टीलच्या पेल्यातून कॉफी दिली आणि विचारलं, “शक्कर ठीक है, सर?”

सर. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

विनोद मी गाळून टाकला. मी म्हणालो, “माफ करो अक्का. लफ्ज की गलती हो गई.”

“लफ्ज की क्या गलती, सर. वो किसी से भी होती.” त्या शांतपणे बोलत होत्या. “मेरी भी गलती. घबराई तो मुँह में तेलुगू आ गया. पानी भी गया तो गया, फिर गिरता. पर आप माइक पे...” त्यांनी हातातली बशी टेबलावर सरळ करून ठेवली. “सब हँसे ना. अब कोई भी छत का पानी बोला तो लोगों को इडली याद आती. अब मैं किसके घर जा के क्या बोलना?”

त्यांनी सेक्रेटरीपद सोडल्याचा निरोप सकाळीच ग्रुपवर टाकला होता. त्याखाली हात जोडल्याच्या पुष्कळ खुणा होत्या. एक माझीही.

निघताना दारात बायको त्यांच्याशी तेलुगूत बराच वेळ बोलली. त्याही बोलल्या. एकदा दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला एक अक्षर कळलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. जिन्यात मी शपथ घेतली: हा किस्सा पुन्हा कधी सांगणार नाही आणि सोसायटीत माइकला हात लावणार नाही.

“बघू,” बायको म्हणाली.

दसऱ्यानंतर बोअरची गाडी आली. दिवसभर जमिनीत असा धडधडाट चालला होता की स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजत होत्या. खडकाची पांढरी पूड उडून गाड्यांवर, कुंड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली. मी खिडकीत उभा राहून वाट बघत होतो. खरं सांगतो, पाणी लागू नये म्हणून. लागलं नसतं तर अक्का बरोबर ठरल्या असत्या आणि माझं ओझं थोडं हलकं झालं असतं. संध्याकाळी आधी राखाडी चिखल आला आणि मग पाणी उसळलं. चांगलं पुरुषभर उंच. लोक धावत खाली गेले, टाळ्या वाजल्या. आम्हीही गेलो.

नारळ फुटला. नवे सेक्रेटरी म्हणजे बडे साब. त्यांनी दोन शब्द बोलून घेतले आणि गर्दीत मला हेरलं. “मियाँ, इधर आओ. दो मिनट. वो चालू वाला किस्सा सुना दो.”

“नक्को साब,” मी म्हणालो. एकदाच म्हणालो. आपल्याकडे एकदा नको म्हणायची रीतच आहे.

“चालू वाला! चालू वाला!” पोरं ओरडायला लागली. बायको माझ्याकडे बघत होती. अक्काही आल्या होत्या. सगळे उतरले म्हणून त्याही उतरल्या असाव्यात. मागे, गाडीच्या पलीकडे, केसांवर पांढरी पूड बसलेली.

मी माइक घेतला. मनात ठरवलं, थोडक्यात आटपू. त्यांचा आवाज काढायचा नाही, फक्त माझी फजिती सांगायची. सुरुवात तशीच केली. पण किस्सा जसा त्या हाकेपाशी आला, तसं माझ्या लक्षात आलं की हाकेवाचून तो उभाच राहत नाही. समोरचे चेहरे हाकेची वाट बघत होते. मी एक पाय दगडावर ठेवला, कठड्यावरून वाकल्यासारखा वाकलो, एक हात वर केला आणि आवाज बारीक करून ओरडलो.

हशा फुटला. आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या, अक्कांकडे, त्यांना कसं वाटतंय ते बघायला. आपल्याकडे बघतायत हे त्यांना कळलं. त्या हसल्या. गाडीत कुणाला जागा करून देताना माणूस हसतो, तेवढंच. लोकांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालंही, बाई दिलदार आहेत.

मला ते हसू स्पष्ट दिसलं. माइक हातात होता आणि थांबायला ती जागा चांगली होती. पण किस्सा अर्धा राहिला होता, लोक पुढे सरकून ऐकत होते, आणि मी तो शेवटपर्यंत सांगितला.